ओझ्याला वाट करून देणारं शहर

भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरला आज आपण जातो ते संभाजी महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला. त्याच घाटावर महाराजांच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधी, १६३३ साली, एक तुलादान झालं. दान करणारा होता विजापूरच्या आदिलशाहीतला मातबर कारभारी मुरार जगदेव. आख्यायिका सांगते, की मुरारपंतांनी हत्तीच्या भारंभार दान द्यायचं मनात धरलं. पण हत्ती तोलणारा तराजू आणायचा कुठून? तेव्हा शहाजीराजांनी तोड काढली. हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात जिथवर बुडाली तिथे खूण केली, हत्ती उतरवून नाव त्याच खुणेपर्यंत बुडेल इतके दगड भरले आणि मग ते दगड थोडे थोडे करून तोलले.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात विजापूरचा स्वभाव उतरला आहे. अवजड गोष्टीशी झटापट करायची नाही. तिचं वजन कुठे जाऊ पाहतंय ते ओळखायचं आणि त्याला तशी वाट काढून द्यायची. ज्या राजधानीतून मुरारपंत आले होते तिथले गवंडी, पाथरवट, पाणके आणि ओतारी दोनशे वर्षं हेच करत होते. विजापूर पाहायला जाणाऱ्याने हे एक सूत्र हाताशी धरलं, तर शहरातल्या विखुरलेल्या वास्तू एकमेकींशी बोलायला लागतात.

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर, काळ्या मातीच्या सपाट रानात हे शहर बसलं आहे. चालुक्यांच्या काळात ते विजयपूर होतं आणि २०१४ साली कर्नाटक सरकारने तेच नाव पुन्हा अधिकृत केलं. आपल्या तोंडी मात्र विजापूरच बसलं आहे. बहामनी सत्ता खिळखिळी झाल्यावर यूसुफ आदिलखानाने १४९० च्या सुमारास इथे स्वतंत्र गादी थाटली. १६८६ साली औरंगजेबाने ती मोडली. पण शहराला आजचं रूप आलं ते १५६५ नंतर. तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचं साम्राज्य लोळवलं आणि तिथली अमाप दौलत विजापुरात येऊन पडली. पहिल्या अली आदिलशहाने ती शहरात ओतली. सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट, जामी मशीद आणि पाण्याची कामं एका पिढीत उभी राहिली. हंपी ज्या वर्षी उद्ध्वस्त झाली, त्याच वर्षापासून विजापूर मोजायचं. एका राजधानीच्या राखेतून दुसरी राजधानी वर आली, हे विसरून तिथल्या कमानींकडे बघता येत नाही.

गोल घुमट, म्हणजे मुहंमद आदिलशहाचं थडगं, लांबूनच दिसतो. जवळ गेल्यावर आधी जाणवतो तो त्याचा बोजडपणा. चारी बाजूंना जवळजवळ कोऱ्या भिंती, कोपऱ्यांवर सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, वरती पुढे आलेला जाड छज्जा. दक्षिणेच्या दाराशी गेलात तर दारावरचा कोरीव लेख बघा. त्याचे तीन भाग आहेत आणि मुहंमद आदिलशहाच्या मृत्यूबद्दलची तीन वेगवेगळी फारसी वाक्यं त्यांत कोरली आहेत. फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक अंक नेमून दिलेला असतो. या तिन्ही वाक्यांतल्या अक्षरांची बेरीज करत गेलं, की प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं: १०६७. हे हिजरी वर्ष, म्हणजे आपलं १६५६ साल. तीन निरनिराळी वाक्यं एकाच आकड्यावर आणून उतरवायची, हे काम करणाऱ्याचा मेंदू आणि आतला घुमट तोलणाऱ्याचा मेंदू एकाच मातीतले वाटतात मला.

आत शिरल्यावर डोळ्यांना थोडा वेळ लागतो. चौरस दालन, प्रत्येक बाजू ४१ मीटर. जमीन सुमारे १७०० चौरस मीटर. एकही खांब नाही. मधल्या चबुतऱ्यावर मुहंमद आदिलशहाची आणि त्याच्या घरच्यांची थडगी आहेत; खऱ्या कबरी त्याखालच्या तळघरात. आणि वर, एवढ्या मोकळ्या जागेवर, ३८ मीटर आतल्या व्यासाचा घुमट. रोमच्या पँथिऑनचा व्यास याहून अधिक, ४३ मीटरांच्या थोडा वर. पण पँथिऑनचं दालन मुळातच गोल आहे. गोलावर गोल ठेवलेला. विजापूरच्या स्थपतीने चौकोनावर गोल ठेवला, आणि कोडं सुरू होतं ते इथून.

घुमटाचं वजन सरळ खाली उतरत नाही. प्रत्येक थर खालच्या थराला दाबतो तसा बाहेरही रेटतो. त्यामुळे घुमटाचा पाया चहूकडून फाकू पाहतो. जगातल्या प्रत्येक मोठ्या घुमटाला या रेट्याचा बंदोबस्त करावा लागला. रोमनांनी सहा मीटर जाडीची गोल भिंत घातली. इस्तंबूलच्या आया सोफियाला दोन बाजूंनी अर्धघुमटांचे टेकू दिले. फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्कीने घुमटाच्या कवचातच दगडी आणि लाकडी साखळ्या गुंफल्या. विजापुरात यातलं काही नाही. भिंती जाड आहेत, पण एवढा रेटा त्यांनी एकट्याने सोसावा इतक्या नाहीत.

आता मान वर करून कमानी नीट बघा. प्रत्येक भिंतीलगत दोन ठिकाणांहून कमानी उठतात. त्या समोरासमोर न जाता तिरक्या जातात आणि वाटेत एकमेकींना छेदतात. एक चौकोन सरळ ठेवावा आणि दुसरा त्याच्यावर पंचेचाळीस अंशांत फिरवून ठेवावा, तशी आठ टोकांची चांदणी तयार होते. कमानींच्या मधल्या जागा वळणदार दगड-विटांच्या भरणीने भरल्या आहेत. ही भरणी वर चढता चढता दालनाच्या आत झुकत येते आणि शेवटी वर एक गोल कड उरते. चौकोनाचा गोल झाला.

खरी गंमत त्या कडेवर आहे. घुमट तिच्या आतल्या टोकावर बसवलेला नाही. तो मागे सरकवून बसवला आहे. म्हणजे आतल्या बाजूला झुकलेल्या त्या प्रचंड भरणीचा मोठा भाग घुमटाच्या पुढे, दालनाच्या पोकळीवर लोंबत राहतो. घुमट बाहेर रेटतो आणि ही भरणी आपल्या वजनाने आत ओढते. कावडीच्या एका घागरीला दुसरीने तोलावं तसं. एकोणिसाव्या शतकातला वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने या रचनेचं हे मर्म मांडलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स याने १९१६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात तिची बारकाईने मापं दिली. कझिन्सचं आणखी एक निरीक्षण महत्त्वाचं. घुमटाच्या विटा आडव्या थरांत, चुन्याचा दाट थर देत रचल्या आहेत. चुना वर्षानुवर्षं मुरत गेला तशी ती तीनेक मीटर जाडीची भिंत एकसंध कवचासारखी झाली. स्थपती म्हणून नाव सांगितलं जातं ते दाभोळच्या याकूतचं. आपल्या कोकणातलं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं गजबजलेलं बंदर होतं.

मनोऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चढून वर आलं की छपरावर बाहेर पडतो आणि घुमटाच्या भिंतीतल्या एका दारातून आतल्या सज्ज्यात शिरतो. सज्जा साडेतीन मीटरांच्या आतबाहेर रुंद आहे. खाली दालन ३० मीटरांहून खोल. इथे येणारा प्रत्येक जण टाळी वाजवतो, हाक मारतो, शीळ घालतो. ते स्वाभाविकच आहे. पण आवाज काढण्याआधी जरा पायांखाली लक्ष द्या. घुमट मागे सरकवल्यावर जी कड मोकळी उरली, तोच हा सज्जा. आपण उभे आहोत ते घुमटाला आत खेचून धरणाऱ्या वजनाच्या माथ्यावर. ज्या प्रतिध्वनीसाठी माणसं शेकडो मैलांवरून येतात, तो ऐकायला उभं राहण्याची जागा रेटा तोलण्याच्या हिशेबातून आपोआप निघाली आहे. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता टाळी वाजवा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत ३८ मीटरांवर. जाऊन परत यायला ७६ मीटर, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. आपल्या कानाला दोन आवाज वेगळे कळायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. त्यामुळे परत आलेली टाळी मूळ टाळीत मिसळत नाही, सुटी ऐकू येते. भिंत गोल असल्याने ती विस्कटतही नाही. वळलेली भिंत तिला पुन्हा गोळा करून परत पाठवते. अशा फेऱ्या होत राहतात. सात वेळा, दहा वेळा, माणसागणिक आकडा बदलतो, पण सकाळच्या शांततेत मोजायला बसलं तर मोजता येतात हे खरं.

कुजबुजीचं तंत्र वेगळं. भिंतीला तोंड लावून हळू बोललं की शब्द दालन ओलांडून जात नाहीत. ते भिंतीला चिकटून, तिच्या वळणावरून सरपटत पलीकडे पोचतात. मोकळ्या जागेत आवाज चहूकडे पसरून विरतो. इथे तो भिंतीलगतच्या पट्ट्यात अडकून राहतो, म्हणून समोरच्या माणसाला कानाशी बोलल्यासारखा लागतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये लॉर्ड रॅले यांनी या प्रकाराचा उलगडा केला होता. १९२१ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी तिथे जाऊन नव्याने प्रयोग केले आणि मग भारतातल्या अशा वास्तूंकडे वळले. गोल घुमट त्यांतला एक होता. प्रकाशाच्या विखुरण्यावर नोबेल मिळवणारा हा माणूस त्याआधी तबला-मृदंगाच्या नादावर आणि घुमटातल्या कुजबुजीवर काम करत होता, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

शहराच्या पश्चिमेला इब्राहिम रौझा आहे. गोल घुमट बापाच्या आडदांडपणाने उभा आहे असं वाटतं, आणि वयाने मोठी असलेली ही वास्तू मात्र नाजूक. दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाळ १५८० ते १६२७) हा इथला सगळ्यांत लोभस राजा. त्याच्या नावावर ‘किताब-ए-नौरस’ हा दख्खनी भाषेतल्या गीतांचा ग्रंथ आहे. त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तवनं आहेत. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव दिलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. राणी ताज सुलतानासाठी म्हणून हा रौझा बांधायला घेतला आणि शेवटी राजाही तिथेच विसावला. बांधणारा मलिक संदल.

रौझ्याच्या खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कापलेली अक्षरं आहेत. अक्षरांच्या मधून उजेड आत येतो. बाजूच्या मशिदीच्या छज्ज्याखाली एकेका अखंड दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात, कड्यात कडी अडकवलेल्या. पण आपलं सूत्र धरायचं तर मधल्या दालनाचं छत बघावं. दालन बारा मीटर चौरस. भिंतींवरून छत वळत आत येतं आणि मध्ये सात मीटरांहून जरा मोठा चौकोन सपाट राहतो. दगडी फरशा, एकीला एक लावून बसवलेल्या. खालून तुळई नाही, कमान नाही, खांब नाही. सपाट दगड मध्येच वाकतो आणि तुटतो, हे कुठलाही पाथरवट सांगेल. इथे फरशा एकमेकींना कडेने दाबून धरतात आणि विजापूरचा तो चिवट चुना त्यांना सांधून एकाच शिळेसारखं वागायला लावतो. चारशे वर्षं. या छताखाली उभं राहून मला गोल घुमटापेक्षाही जास्त धाकधूक होते. घुमट डोळ्यांना पटतो. हे छत पटत नाही.

याच इब्राहिमाने १५९९ साली शहराच्या पश्चिमेला तोरवीजवळ नौरसपूर नावाचं नवं नगर वसवायला घेतलं. तोरवी त्याआधीपासूनच नावाजलेली होती. तिथल्या नरसिंहाच्या सान्निध्यात कन्नडमधलं तोरवे रामायण रचलं गेलं. संगीताला वाहिलेल्या या नगराला आयुष्य लाभलं नाही. १६२४ साली मलिक अंबरने ते उद्ध्वस्त केलं. आज तिथे संगीत महालाच्या उंच कमानी तेवढ्या उभ्या आहेत. हा तोच मलिक अंबर, ज्याने औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, जमिनीखालून नहरी काढून पाणी पाजलं.

आणि पाण्याची गोष्ट तोरवीलाच सुरू होते. या भागात वर्षाकाठी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. बारमाही नदी शहराजवळ नाही. खाली काळा पाषाण. अशा ठिकाणी राजधानी ठेवायची तर पाणी लांबून आणावं लागणार, आणि उपसायला तेव्हा बैल आणि माणूस यांखेरीज कोणी नाही. मग इराणातली करेझची रीत कामी आली. उंचावरच्या झऱ्याच्या पट्ट्यात विहीर खणायची. तिच्या तळापासून शहराकडे बोगदा काढायचा, उतार अगदी बेताचा ठेवून. उतार जास्त झाला तर पाणी माती खरवडत धावतं. कमी झाला तर साचतं. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या, म्हणजे खणताना माती वर काढता येते, पुढे गाळ उपसता येतो आणि बोगद्यात हवा खेळते. एकदा हे जमलं की पाणी आपल्याच वजनाने, रात्रंदिवस, कुणाच्याही मदतीवाचून चालत राहतं. पाच-सहा किलोमीटर. वर उन्हाने जमीन तडकलेली असताना खाली त्याची वाफही होत नाही.

मुहंमद आदिलशहाने १६५१ साली दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि तिथून मातीच्या भाजलेल्या नळांनी शहरात पाणी आणलं. नळ एकात एक घालून, भोवती चुना-दगडांचं बांधकाम करून जमिनीत पुरलेले. इथे वेगळीच अडचण उभी राहते. बंद नळातलं पाणी जसजसं खाली उतरतं तसा त्याचा दाब वाढतो. दहा मीटर खाली आलं की दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा भार. भाजलेल्या मातीचा सांधा तो फार काळ सोसणार नाही. यावर उपाय म्हणून वाटेत जागोजाग मनोरे बांधले, त्यांना तिथे गंज म्हणतात. शहरात हिंडताना घरांच्या गर्दीत मध्येच एखादा चौकोनी दगडी मनोरा दिसतो. ना देऊळ, ना मशीद, ना बुरूज. तोच हा. नळातलं पाणी मनोऱ्यात चढतं, वर उघड्यावर येतं आणि त्याचा साचलेला दाब तिथे संपतो. गाळ तळाशी बसतो. मग दुसऱ्या नळांनी पाणी पुढच्या पेठेत, हमामात, महालापुढच्या हौदात जातं. पुढच्या मनोऱ्यापर्यंत दाब नव्याने मोजायचा. पर्यटकांच्या गाड्या या गंजांपाशी थांबत नाहीत. थांबल्या पाहिजेत. गोल घुमटाइतकीच बुद्धी यांत आहे, आणि तिने एका राजाच्या थडग्याऐवजी हजारो चुली सांभाळल्या.

ताज बावडी मात्र जरूर बघा. १६२० सालची ही विहीर ताज सुलतानाच्या नावाने मलिक संदलने बांधली. दोन अष्टकोनी मनोऱ्यांच्या मधल्या प्रशस्त कमानीतून पायऱ्या खाली पाण्याकडे उतरतात आणि बाजूंना वाटसरूंसाठी ओवऱ्या. विहिरीला एवढं दिमाखदार दार असावं, यातच पाण्याची किंमत कळते. मधल्या काळात तिचा उकिरडा झाला होता. गेल्या दशकात गाळ उपसून ती पुन्हा मोकळी केली.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडतो. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, १५३४ नंतर, राज्याचा जमाखर्च फारसीतून काढून देशी भाषेत आणला आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिला. विजापूरच्या दरबारात बसून दख्खनचा इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने ही नोंद केली आहे. आदिलशाहीच्या पश्चिम मुलखात ही भाषा मराठी होती. फारसी आणि मोडी मराठी असा दुहेरी मजकूर असलेली आदिलशाही फर्मानं आपल्या दफ्तरखान्यांत आजही आहेत. शहाजीराजे १६३६ नंतर याच दरबाराचे सरदार झाले. शिवाजी महाराजांनी घेतलेला तोरणा आदिलशाहीचा, अफझलखान निघाला तो इथूनच. स्वराज्य ज्या सत्तेशी झुंजून उभं राहिलं, तिचं दप्तर आधीच आपल्या भाषेत बोलत होतं. महसुलाची आणि कारभाराची जाण असलेली मराठी घराणी त्या दप्तरातच तयार झाली होती, ही गोष्ट मला लढायांइतकीच मोलाची वाटते.

मुरार जगदेवाकडे परत जायला एक कारण आहे, आणि ते सुमारे ५५ टनांचं आहे. पश्चिमेच्या तटावर शेरझा बुरुजात मलिक-ए-मैदान तोफ ठेवली आहे. ती ओतली गेली अहमदनगरला, १५४९ साली, निजामशहासाठी. ओतणारा मुहंमद रूमी, तुर्कस्तानकडून आलेला. लांबी साडेचार मीटरांच्या जवळ, तोंडाचं भोक सत्तर सेंटिमीटर. माणूस आत बसू शकतो. तोंड राक्षसी श्वापदाच्या जबड्यासारखं घडवलं आहे आणि दातांत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. धातू घंटेचा, तांबं आणि कथील यांचा. कडक उन्हात हात लावला तरी ती फारशी तापलेली लागत नाही असं सांगतात, आणि बोटांनी वाजवली तर नाद उमटतो. तालिकोटच्या रणात तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून ती उडवली, असं फिरिश्ता लिहितो. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली तिथून विजापूरला आणली ती मुरार जगदेवाने. तिची जोडीदार तोफ भीमेत बुडाली असं सांगतात. तुळापूरच्या तुलादानाआधी एकच वर्ष हा माणूस परांड्याहून एवढं धूड बैल-हत्तींना जुंपून काळ्या चिकट मातीतून ओढत होता. हत्तीचं वजन किती, हा प्रश्न त्याला उगाच पडला नसावा.

याच मुरार जगदेवाने पुणं जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला होता. तो इतिहासही या तोफेशेजारी उभं राहताना मनात असतोच.

पुढे विजापूर सातारच्या राज्यात होतं. १८४८ साली ते राज्य खालसा झालं तसं विजापूर इंग्रजांकडे आलं. १८५४ मध्ये निरुपयोगी सामानाची विक्री निघाली आणि त्यात ही तोफही लिलावात निघाली. बोली लागली दीडशे रुपये. पंचावन्न टन धातू, दीडशे रुपयांत! लोकांची या तोफेवर किती श्रद्धा आहे हे तिथल्या एका साहाय्यक अधिकाऱ्याने वर कळवलं, म्हणून सौदा रद्द झाला. जवळच उपळी बुरूज आहे, १५८४ सालचा, बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांचा. त्याच्या माथ्यावरच्या लांबलचक लोखंडी तोफाही पाहून घ्या. त्या ओतलेल्या नाहीत. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकीला एक लावून त्यांवर तापवलेली कडी चढवली आहेत, निवताना आवळून बसणारी.

विजापूर बघायचा क्रम माझ्या मते उलटा हवा. बहुतेक जण गोल घुमटापासून सुरुवात करतात आणि संध्याकाळी थकून बारा कमानीपाशी पोचतात. बारा कमानीपासून सुरुवात करा. दुसऱ्या अली आदिलशहाचं हे थडगं गोल घुमटाहून मोठ्या पायावर आखलं होतं. १६७२ साली राजा गेला आणि काम तिथेच थांबलं. वर छप्पर नाही, गिलावा नाही, काळ्या दगडाच्या टोकदार कमानी आभाळाखाली उघड्या उभ्या आहेत. चिरे कसे घडवले, कमानीच्या पाठीशी भर कशी घातली, भिंत आतून किती जाड, सगळं बघता येतं. जामी मशिदीत एक तास द्या, तिथल्या सोनेरी मेहराबीसाठी. दुपारी उन्हात ताज बावडी आणि गावातले गंज, उतरत्या उन्हात इब्राहिम रौझा. रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल त्या खानावळीत जेवा. दुसऱ्या दिवशी दार उघडताच गोल घुमटात शिरा, शाळांच्या सहली येण्याआधी. खालच्या नक्कारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय नंतरसाठी ठेवा. आदिलशाही लेख, हस्तलिखितं आणि चालुक्यकाळच्या मूर्ती तिथे आहेत, आणि वरून उतरल्यावर दारावरच्या लेखाची ती तिहेरी बेरीज पुन्हा एकदा बघायलाही हीच वाट आहे.